फिरवून घेतलेले माप

"बाई, पाणी आहे ते, अत्तर नाही," विहिरीच्या कठड्याला टेकून उभे असलेले मास्तर म्हणाले. "एवढ्या जपून बाटली धरलीत, की मला वाटलं आता मनगटाला लावून वास घेणार."

"बोलू नका, मास्तर. बोलताना थुंकी उडते. मग अहवाल विहिरीचा नाही, तुमच्या तोंडाचा येईल."

मास्तरांनी निमूटपणे तोंडावर हात ठेवला, पण डोळ्यांतले हसू काही हाताखाली मावले नाही. दशांशताईंनी वजन बांधलेली निर्जंतुक बाटली दोरीने सावकाश खाली सोडली. बाटली भिंतीला लागू द्यायची नाही, तळाचा गाळ ढवळू द्यायचा नाही, पृष्ठभागावरचा पालापाचोळा आत येऊ द्यायचा नाही, या तीन गोष्टी त्यांच्या मनगटाला इतक्या सवयीच्या झाल्या होत्या की त्या वेळी मनाला दुसरा विचार करायला पुष्कळ मोकळीक मिळे. त्या विचार करत होत्या तो असा: घर चांगले आहे, माणूस चांगला आहे, आणि या दोन्ही गोष्टींचा पाण्याशी काहीही संबंध नाही.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" बाटली वर आल्यावर मास्तर न राहवून म्हणाले. "आमच्या आडात वाईट असं काही नाहीच."

"आडात काय आहे ते पोहऱ्यातच कळतं," दशांशताई म्हणाल्या आणि त्यांनी झाकण घट्ट लावले.

सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्यांचे उभे आयुष्य गेले होते. 'दशांशताई' हे नाव सहकाऱ्यांनी आधी पाठीमागे ठेवले आणि पुढे तोंडावरही वापरले. त्यांना त्याचे वाईट वाटले नाही, कारण नाव वस्तुस्थितीला धरून होते. सोयीसाठी कोणताही आकडा त्यांनी कधी पूर्ण करून लिहिला नव्हता. 'पाणी चांगलं आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. 'या बाटलीतलं पाणी, ती भरली त्या वेळी, पिण्यायोग्य होतं,' एवढेच त्या सांगत. काही जणांना हा तुसडेपणा वाटे.

त्यांच्या यजमानांना मात्र वाटत नसे. ते लोकांना मोटार चालवायला शिकवत, आणि शिकाऊ मंडळी त्यांना 'ब्रेकसर' म्हणत. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या बैठकीखाली जो दुसरा ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवून त्यांनी हयात काढली होती. घरातही त्यांचा पाय तसाच तयारीत असे, पण दाबण्याची वेळ क्वचितच येई, कारण दशांशताई मुळात वेगाने जातच नसत. विकायला निघालेल्या मास्तरांच्या या घराच्या बाबतीत मात्र सगळे उलटे झाले होते. पहिल्या भेटीतच ब्रेकसर इथल्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते, झाडाचे अंजीर तोडून खात होते, आणि ब्रेक सांभाळण्याचे काम दशांशताईंकडे आले होते.

घर बैठे, एका ओळीत तीन खोल्यांचे. मास्तर धंद्याने शिंपी; पहिल्या खोलीत कापड बेतण्याचे लांबरुंद टेबल. त्याची एक कड मास्तरांच्या पोटाने घासून गुळगुळीत झालेली. भिंतीला तीन पाखांचा आरसा, ज्यात माणसाला स्वतःची पाठ दिसे. वस्ती शहराच्या जलवाहिनीच्या आणि सांडपाण्याच्या वाहिनीच्याही पलीकडे होती. त्यामुळे पिण्याला अंगणातली विहीर आणि बाकीच्या सर्व गोष्टींना मागच्या बाजूची सेप्टिक टाकी. इकडून घ्यायचे, तिकडे सोडायचे, आणि या दोहोंच्या मध्ये माणसाने राहायचे.

"आयुष्यभर लोकांचं पाणी तपासलंस," ब्रेकसर म्हणाले होते, "आता एकदा आपलं तपास." तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या बिऱ्हाडात नळ सकाळी आधी खोकत असे, मग गुरगुरत असे, आणि पाणी सर्वांत शेवटी येत असे.

चहा झाला. पाणी नीट उकळल्याचे दशांशताईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहून घेतले होते.

"टाकी नक्की कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"ती काय, मागं. झाकण मातीखाली गेलंय, पण आहे तिथंच. जाणार कुठं?"

"विहिरीपासून लांब आहे?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना आवडला होता. "गवंडी म्हणाला, लांब हवी. मी म्हटलं, किती ते तू सांग, मोजायचं काम माझं. ही माझी टेप. त्यानं सांगितलं त्याच्यापेक्षा हातभर जास्तच सोडलं मी. कपड्यात आतून जास्तीचं ठेवतो ना, तसं. मापात मास्तर चुकत नाही, बाई. या वस्तीतले निम्मे नवरदेव माझ्या मापात उभे राहिलेत."

"आणि उपसली कधी शेवटची?"

"कधीच नाही! तीच तर गंमत आहे. लागलीच नाही कधी."

दशांशताईंना यात गंमत वाटली नाही. जी टाकी कधी भरत नाही, तिच्यातले जाते कुठे, हा त्यांना पडलेला प्रश्न होता. पण तो विचारण्याआधीच मास्तर आपल्या दिवंगत पत्नीकडे वळले होते. तिच्याविषयी बोलताना ते 'ही' म्हणत, जणू ती आतल्या खोलीत आहे.

"हिला तर या पाण्याशिवाय दुसरं चालायचंच नाही. शेवटी पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी नावं पुष्कळ घेतली, लागू एकही पडलं नाही. दवाखान्यात बाटलीतलं पाणी देत, ही हात लावेल तर शपथ. म्हणायची, आपलं आणा. मग मी रोज सकाळी डबा भरून न्यायचो. घोटघोट पाजायचो. त्या पाण्यानं तिला बरं वाटायचं."

ब्रेकसरांनी हातातले अंजीर तोंडाकडे नेता नेता थांबवले. दशांशताईंनी बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली आणि पेटीचे झाकण, आवश्यकतेपेक्षा जरा जास्त काळजीने, बंद केले.

*

प्रयोगशाळेत जांभळ्या रसाच्या नळ्यांची ओळ असते. प्रत्येक नळीत एक छोटी नळी उलटी बुडवलेली. पाण्यात नको ते जंतू असले की उबेत ठेवल्यावर जांभळा रस पिवळा पडतो आणि उलट्या नळीच्या टोकाशी हवेचा एक बुडबुडा अडकतो. दिसायला निरुपद्रवी, एखाद्या मुलाने नळीने सरबतात फुंकर मारावी तसा. मास्तरांच्या विहिरीच्या सगळ्या नळ्या पिवळ्या पडल्या होत्या, आणि बुडबुड्यावाचून एकही राहिली नव्हती. पुढच्या चाचणीने जंतू कुठून आले तेही सांगितले: माणसाच्या किंवा जनावराच्या आतड्यातून. मास्तरांकडे जनावर नव्हते.

"काय निघालं?" घरी ब्रेकसरांनी विचारले.

"दुसरा नमुना घ्यावा लागेल."

"म्हणजे पहिला नापास."

"म्हणजे दुसरा घ्यावा लागेल. एक निकाल म्हणजे अफवा. दोन आले तर बातमी."

"अगं, इतकी वर्षं संसार केलाय मी तुझ्याशी. दुसरा नमुना तू पास झालेल्या पाण्याचाही घेतेस. पण असं तोंड करून घेत नाहीस."

ब्रेकसरांनी खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली. "सोडून देऊ," ते म्हणाले. "घरं काय, छपन्न मिळतील." पहिल्याच दिवशी 'मला सगळं जमतंय' म्हणणाऱ्या शिकाऊ माणसाच्या आवाजात त्यांनी ते म्हटले.

"आपल्याला सोडता येईल हो. ते मास्तर ते पाणी पितायत."

"मग सांग त्यांना उकळून प्यायला."

"सांगितलं. निकाल हातात आल्याबरोबर आधी फोन तोच केला. म्हणाले, उकळलेल्या पाण्याला चव नसते, बाई. मी म्हटलं, नसू दे. ऐकलं त्यांनी."

"मग झालं तर."

"नाही झालं." दशांशताईंनी चष्मा काढून पदराने पुसला, तो आधीच स्वच्छ होता. "आज विचारलं नाही, उद्या विचारतील. एकच विचारतील. हे कधीपासून आहे?"

ब्रेकसरांना क्षणभर कळले नाही. मग तो डबा आठवला, रोज सकाळी भरून नेलेला. ते खुर्चीवर बसले.

"काहीतरी सांगता येईल," ते हळू आवाजात म्हणाले. "परवाच बिघडलंय म्हणावं. काय बिघडतं तेवढ्यानं?"

"मला माहीत नाही ते मी सांगत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर म्हणतोय."

*

दुसरा नमुनाही तसाच निघाला. आता प्रश्न होता तो मार्गाचा. पुढच्या सुट्टीच्या दिवशी दशांशताई एका डबीत नारिंगी पूड घेऊन गेल्या. पाण्यात पडल्यावर ती भडक हिरवी होते, अपाय करत नाही, आणि जिथे जिथे पाणी जाते तिथे तिथे जाते. ती शौचालयात टाकून वरून भरपूर पाणी ओतायचे आणि विहिरीवर लक्ष ठेवायचे, इतकी ती चाचणी सोपी होती. वापराचे पाणी मास्तरांनी तोवर शेजाऱ्यांकडून आणावे, असेही ठरले.

"असला हिरवा मी एकदाच शिवलाय," भांड्यात वाकून बघत मास्तर म्हणाले. "नाटकातल्या राक्षसाचा झगा. बरं, हा विहिरीत उतरला तर?"

"तर टाकीतलं पाणी विहिरीत जातंय."

"आणि नाही उतरला तर?"

"तर एवढंच, की इतक्या दिवसांत तरी या वाटेनं गेलं नाही."

"तुम्ही म्हणजे ना, बाई! शर्ट छान झालाय म्हणायचं सोडून, 'आत्तापर्यंत तरी उसवलेला नाही' म्हणाल." मास्तर मनापासून हसले. "उतरायचा नाही. माप मी घेतलंय."

निरोप घेताना दशांशताईंनी त्यांना रोज सकाळी विहिरीतले पाणी पांढऱ्या वाडग्यात काढून उजेडात बघायला सांगितले. मास्तरांनी वचन दिले. लाल, निळे, हिरवे आणि त्यांच्यामधले रंग ओळखण्यात हयात गेलेल्या माणसाला हे काम सांगितल्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

त्यानंतर एका सकाळी, दशांशताई प्रयोगशाळेत हातमोजे चढवत असताना, फोन आला.

"बाई, मी बोलतोय. विहीर हिरवी झालीये."

दशांशताईंनी चढवलेला हातमोजा काढून ठेवला.

"फार नाही," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या कुणाला कदाचित कळणारही नाही. पण मला रंग कळतात."

*

टाकी उपसणारा आपली गाडी घेऊन आला तेव्हा मास्तर फाटकाशी उभे होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, ठेवणीतली पँट, पायात चामड्याच्या चपला, केस पाणी लावून बसवलेले.

"मास्तर, बोहल्यावर चढताय की काय?" उपसणारा गाडीतून उतरता उतरता ओरडला.

"माझ्या घरची घाण चार लोकांसमोर निघणार आहे," मास्तर म्हणाले. "निदान मी तरी नीट दिसावं."

उपसणाऱ्याने लोखंडी सळई जमिनीत खुपसत टाकीचा माग काढायला सुरुवात केली. मास्तर अंगणाच्या मागच्या टोकाकडे हात दाखवत होते. सळई तिथे मऊ मातीत खोल जात होती. शेवटी ती ठक्क करून वाजली ती स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून चार पावलांवर, अंजिराच्या सावलीत. दशांशताई घराला वळसा घालून पुढे गेल्या. स्वयंपाकघराच्या पुढच्या भिंतीपलीकडे, तेवढ्याच पावलांवर, विहिरीचा कठडा होता. मधे एक स्वयंपाकघर, तेही लहानसे.

त्या परत आल्या. "मास्तर, टेप तुम्ही कुठून कुठे लावली होती?"

"दाखवतो की." मास्तरांनी खिशातून टेप काढली. ती अजूनही खिशातच असे. त्यांनी तिचे टोक विहिरीच्या कठड्याला दाबून ब्रेकसरांच्या हाती दिले आणि ते भिंतीच्या कडेने चालू लागले. टेप संपली की अंगठ्याने खूण करायची, पुन्हा पुढे. घराचा कोपरा आला तेव्हा त्यांनी टेप कोपऱ्यावर अंगठ्याने दाबून धरली आणि अलगद पलीकडे वळवली, जशी ती कुणाच्या छातीवरून बगलेखालून पाठीकडे वळवावी. बाजूची भिंत संपली. दुसरा कोपरा आला. तिथेही त्यांनी टेप दाबली, वळवली, आणि पुढे एक पाऊल टाकून ते थांबले.

टेप त्यांच्या हातात तशीच ताणलेली होती. त्यांनी एकदा कोपऱ्याकडे पाहिले, एकदा भिंतीकडे, मग भिंतीतून पलीकडे, जणू ती पारदर्शक आहे.

"आम्ही माप अंगाभोवती घेतो," ते म्हणाले. "मधे घर होतं, बाई. घरातून टेप कशी जाणार?"

"टेप जात नाही," दशांशताई म्हणाल्या.

पुढचे मास्तरांनीच टेप गुंडाळत पुरे केले, "पाणी जातं."

पंप सुरू झाला. वासाने सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. मास्तरांनी लावला नाही. ते हात मागे बांधून काठाशी ताठ उभे राहिले. टाकी रिकामी झाली, उपसणाऱ्याने आत प्रकाशझोत टाकला, आणि ती कधी भरत का नव्हती त्याचे कारण दिसले. घराकडच्या भिंतीत उभी भेग होती आणि तिच्यातून अंजिराचे मूळ आत येऊन दाढीसारखे पसरले होते. घट्ट बांधलेली टाकी जवळ असती तरी कदाचित निभावले असते. फुटकी टाकी लांब असती तरी कदाचित. इथे दोन्ही दोष एका ठिकाणी भेटले होते.

"पाखरानं टाकलेलं बी," मास्तर म्हणाले. "मी उपटणार होतो. ही म्हणाली, आलंय तर राहू दे. केवढी गोड फळं."

ब्रेकसरांनी खिशातली अंजिरे चाचपली आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून ती कुंपणाबाहेर टाकली.

उपसणाऱ्याने करवतीने मुळाचा जाड भाग कापून काठावर ठेवला. मनगटाएवढे मूळ होते. कापलेल्या टोकावर फिकट वर्तुळे दिसत होती, एकात एक. दशांशताईंनी ती पाहिली आणि नजर दुसरीकडे वळवली, पण उशीर झाला होता. मास्तर त्यांच्याकडेच पाहत होते.

"हे कधीपासून असेल, बाई?"

पंप बंद झाल्यामुळे फार शांत वाटत होते. ब्रेकसरांचा उजवा पाय नकळत जमिनीवर दाबला गेला.

"मुळाचं वय काढता येईल," दशांशताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अहवाल वाचताना असतो तसाच होता, फक्त थोडा हळू. "ही वर्तुळं भिंगाखाली मोजता येतील. पण मुळाचं वय म्हणजे भेगेचं वय नाही. मूळ आधी बाहेर भिंतीला चिकटून वाढलं असेल, मग शिरलं असेल. आणि भेग जुनी निघाली, तरी त्या वेळी विहिरीच्या पाण्यात काय होतं ते आज कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. ते पाणी कुणी बाटलीत धरून ठेवलेलं नाही."

"आणि हिचं दुखणं?"

"यामुळे असू शकेल. नसूही शकेल. 'हो' म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. 'नाही' म्हणायलाही नाही. असता तर मी आनंदानं म्हटलं असतं. वर्तुळं मोजून एखादं साल हाती येईल, जवळपासचं. आणि मग तुम्ही ते साल घेऊन बसाल."

शेवटचे वाक्य कोणत्याही उपकरणाने मोजलेले नव्हते. असे वाक्य आपल्या तोंडून गेल्याचे त्यांच्याही लक्षात आले. त्या घाईने पुढे म्हणाल्या, "मोजायचं का ते तुम्ही ठरवा. मोजा म्हणालात तर नीट मोजीन, आणि जे निघेल तेच सांगेन."

मास्तर खाली वाकले. इस्त्रीच्या सदऱ्याला चुण्या पडल्या. त्यांनी मूळ उचलले, कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. अंगठा बाहेरच्या वर्तुळापासून आत आत गेला आणि मध्यावर थांबला.

"गेलेल्या माणसाचं माप आम्ही घेत नाही, बाई," ते म्हणाले. "घेऊन शिवायचं काय?"

त्यांनी मूळ उपसणाऱ्याच्या हातात दिले. "ने. सुकलं की जाळायला होईल." मग हात रुमालाने पुसत, कोणाकडेच न पाहता, ते म्हणाले, "ती मागायची म्हणून न्यायचो. आपलं आणा, म्हणायची."

"ते मी दोनदा ऐकलंय," दशांशताई म्हणाल्या. "दोनदा आलेलं मी धरते."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले. ते हसले नाहीत, पण मान त्यांनी हलवली, आणि गेल्या कित्येक मिनिटांत प्रथमच खांदे सैल सोडले.

*

परतीच्या वाटेवर ब्रेकसर गाडी चालवत होते आणि काही विचारत नव्हते. न विचारण्यात ते तरबेज होते. शिकाऊ माणूस चुकतो तेव्हा त्याला चूक स्वतः दिसेपर्यंत थांबावे लागते.

"ज्याचं कारण कळलं, तो दोष हा दोष राहत नाही," दशांशताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "ते नुसतं काम होतं."

"म्हणजे?"

"नवी टाकी उताराच्या बाजूला, कुंपणाजवळ. पक्की. ही बुजवायची. विहीर उपसायची, धुवायची, औषध टाकायचं. मग नमुने. लागोपाठ दोन स्वच्छ आले तर बघू."

"'बघू' म्हणजे घेऊ?"

"'बघू' म्हणजे बघू."

ब्रेकसर घरापर्यंत शीळ घालत आले.

नव्या टाकीची जागा ठरवायला मास्तर आवर्जून हजर होते. टेपचे एक टोक आपणच धरणार असा त्यांचा हट्ट होता. दुसरे टोक दशांशताईंनी धरले. या वेळी मधे भिंत, झाड, कोपरा काही नव्हते. टेपमागून टेप सरळ उतरत गेली आणि हव्या त्या अंतराच्याही पुढे पोचली. "हातभर जास्तीचं?" दशांशताईंनी विचारले. "दोन हात," मास्तर म्हणाले. "आता माझा माझ्यावर विश्वास नाही." "माझा आहे," ब्रेकसर मधेच म्हणाले. "पँट मी तुमच्याकडेच शिवणार." "पोट आधी ठरवा कुठं थांबवायचंय," मास्तर म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्या अंगणात तिघेही एकदम हसले.

औषध टाकल्यानंतरचा पहिला नमुना नापास झाला. दशांशताईंनी तसे स्पष्ट सांगितले. विहीर पुन्हा उपसली. नंतरचे दोन नमुने जांभळेच राहिले, उलट्या नळ्या बुडबुड्यांवाचून. दशांशताईंनी घर घेतले. 'विहीर चांगली आहे' असे त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत.

मास्तर लेकीकडे राहायला जाणार होते. टेबल आणि आरसा आधीच गेला होता. मजुरांनी जुनी टाकी फोडून मातीने भरली, वर उंचवटा केला आणि ते निघून गेले. लेकीची गाडी यायला अवकाश होता. मास्तर रिकाम्या खोल्यांतून फिरून मागच्या अंगणात आले. दशांशताई आणि ब्रेकसर दारात उभे होते.

भरलेली माती भुसभुशीत होती. मास्तरांनी ती जरा वेळ पाहिली. मग भिंतीचा आधार घेऊन चपला काढल्या, त्या नीट जोडून बाजूला ठेवल्या, पँटचे पाय दोन घड्या वर दुमडले आणि ते मातीच्या त्या चौकोनावर चढले. एका कडेने सुरुवात करून, टाचेला अंगठा लावत, ते दुसऱ्या कडेपर्यंत गेले. तिथे वळून, पावलाएवढे सरकून, परत आले. एकही जागा सुटू नये अशा बेताने ते पाऊल टाकत होते.

अशी माती माणसाच्या पायांनी बसत नाही, हे दशांशताईंना ठाऊक होते. ती मुरलेल्या पाण्याने बसते, स्वतःच्या भाराने बसते, आणि तिला लागतो तितका वेळ ती घेते. त्यातून मास्तरांचे वजन ते काय! उंचवटा तसूभरही खाली जाणार नव्हता.

"अगं," ब्रेकसर हळूच म्हणाले, "सांगतेस का त्यांना? उगाच दमतील."

दशांशताई पायरी उतरल्या. चपला काढून त्यांनी मास्तरांच्या चपलांशेजारी ठेवल्या, साडीचा काठ जरा वर खोचला, आणि चौकोनाच्या दुसऱ्या कडेपासून, टाचेला अंगठा लावत, त्या चालू लागल्या.